विश्लेषण : तीन महिने बर्फाखाली राहिलेली साक्ष! रेझांग लाचे मेजर शैतान सिंह कोण होते?

फेब्रुवारी १९६३. भारत-चीन युद्ध थांबून जवळपास तीन महिने झाले होते. लडाखमधल्या चुशुलजवळच्या डोंगरावर एक मेंढपाळ गेला आणि जे दिसलं ते पाहून जागीच थबकला. बर्फातून उद्ध्वस्त मोर्चे वर आले होते आणि त्या मोर्च्यांमध्ये भारतीय जवान होते. थंडीनं गोठलेले, अनेकांच्या हातात अजून शस्त्रं.

हे जवान होते १३ कुमाऊं पलटणीच्या चार्ली कंपनीचे. त्यांचे कंपनी कमांडर मेजर शैतान सिंह. १८ नोव्हेंबर १९६२ च्या पहाटे या कंपनीवर चिनी सैन्यानं हल्ला केला होता. सुमारे १२० जणांपैकी ११० हून अधिक जण मारले गेले. जे मोजके वाचले त्यांनी मागे येऊन काय घडलं ते सांगितलं, पण ते अनेकांना पटलंच नाही.

२०२५ मध्ये आलेल्या ‘१२० बहादूर’ या चित्रपटामुळे रेझांग लाचं नाव पुन्हा मोबाइलच्या स्क्रीनवर आलं. चित्रपटात किती खरं, किती रंगवलेलं, ही चर्चाही झाली. पण या लढाईबाबत मुळात एक वेगळा प्रश्न विचारायला हवा. जिथून जवळपास कुणीच परतलं नाही, तिथं काय घडलं हे आपल्याला कळलं कसं? आणि त्यात त्या अधिकाऱ्याची भूमिका नेमकी काय होती? समजून घेऊया.

मेजर शैतान सिंह कोण होते?

शैतान सिंह यांचा जन्म १ डिसेंबर १९२४ रोजी राजस्थानातल्या बाणासर गावात झाला. तेव्हा हा भाग जोधपूर संस्थानात होता. नाव ऐकून आपल्याकडे अनेकांच्या भुवया उंचावतात, पण राजस्थानातल्या जुन्या पिढीत हे नाव अजिबात दुर्मीळ नव्हतं.

घरात फौजेचंच वातावरण. वडील हेम सिंह भाटी हे लेफ्टनंट कर्नल. पहिल्या महायुद्धात ते फ्रान्समध्ये लढले आणि तिथं जखमीही झाले. शैतान सिंह जोधपूरच्या चोपासनी इथल्या राजपूत शाळेत शिकले. शाळेत त्यांची ओळख होती ती फुटबॉलपटू म्हणून. पुढे जोधपूरच्याच जसवंत कॉलेजातून ते १९४७ मध्ये पदवीधर झाले.

१ ऑगस्ट १९४९ रोजी ते जोधपूर संस्थानाच्या फौजेत अधिकारी म्हणून दाखल झाले. संस्थानं भारतात विलीन होत होती, तशा त्यांच्या फौजाही भारतीय लष्करात सामावल्या जात होत्या. जोधपूरच्या फौजेचंही तेच झालं आणि शैतान सिंह कुमाऊं रेजिमेंटमध्ये आले. वाळवंटात वाढलेला अधिकारी आता हिमालयाचं नाव लावणाऱ्या रेजिमेंटचा झाला.

पुढची बारा-तेरा वर्षं त्यांनी साध्या पायदळ अधिकाऱ्याचं आयुष्य काढलं. ईशान्येत नागा टेकड्यांमध्ये ते होते. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त करण्यासाठी झालेल्या लष्करी कारवाईतही त्यांचा सहभाग होता. जून १९६२ मध्ये त्यांना मेजरपदी बढती मिळाली. त्यानंतर जेमतेम पाच महिन्यांनी रेझांग लाची लढाई झाली. म्हणजे गोव्याचा किनारा आणि रेझांग लाची खिंड यांच्यामध्ये त्यांच्या आयुष्यात एक वर्षही नव्हतं.

रेझांग ला कुठे आहे आणि ते इतकं महत्त्वाचं का?

‘ला’ म्हणजे खिंड. रेझांग ला ही पूर्व लडाखमधली, चुशुलच्या आग्नेयेला असलेली खिंड. उंची सुमारे १६ हजार फूट, म्हणजे ४,८०० मीटरहून जास्त. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर आहे. रेझांग ला त्याच्या जवळपास तिप्पट उंचीवर आहे.

या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या तुलनेत निम्म्याच्या आसपास असतो. श्वास घेतला तरी शरीराला पुरेसा प्राणवायू मिळत नाही. दहा पावलं चढलं की धाप लागते. नोव्हेंबरमध्ये रात्रीचं तापमान उणे २० अंशांच्याही खाली जातं आणि वारा सतत सुरू असतो.

मग अशा ओसाड डोंगरासाठी लढायचं कशाला? उत्तर खाली दरीत आहे. चुशुलला तेव्हा भारताची धावपट्टी होती. लेहहून चुशुलला जाणारा रस्ता अगदी नवा आणि कच्चा होता. त्यामुळे दारूगोळा, धान्य आणि माणसं आणण्यासाठी ही धावपट्टी फार मोलाची होती. भारतीय हवाई दलानं ऑक्टोबर १९६२ मध्ये एएन-१२ विमानांतून चक्क एएमएक्स-१३ जातीचे हलके रणगाडे इथं उतरवले होते.

चुशुलच्या पूर्वेला डोंगरांची रांग आहे. ही रांग ज्याच्या ताब्यात, त्याला खालची दरी स्पष्ट दिसते. चुशुलच्या दुमजली घराचा वरचा मजला असं समजा. रेझांग ला हे याच रांगेच्या दक्षिणेकडचं टोक. इथून शत्रू आत आला तर चुशुलला बगल देता येत होती. चुशुलच्या संरक्षणाची जबाबदारी ११४ ब्रिगेडवर होती. ब्रिगेडचे प्रमुख होते ब्रिगेडियर टी. एन. रैना, जे पुढे लष्करप्रमुख झाले. रेझांग लावर १३ कुमाऊंची चार्ली कंपनी पाठवली गेली.

कंपनीत कोण होतं?

इथं थोडं लष्करी गणित. पायदळाची पलटण, म्हणजे बटालियन, अनेक कंपन्यांची बनते. एका कंपनीत साधारण १०० ते १२० माणसं. कंपनीचे पुन्हा तीन भाग, त्यांना प्लाटून म्हणतात. कंपनीचा प्रमुख मेजर असतो. प्लाटूनचं नेतृत्व तेव्हा अनेकदा जमादार करायचे. आजच्या नायब सुभेदाराचं हे जुनं पद.

चार्ली कंपनीत ७, ८ आणि ९ क्रमांकाच्या प्लाटून होत्या. त्यांचे प्रमुख होते जमादार सुरजा राम, जमादार हरी राम आणि जमादार राम चंदर. जवान बहुतेक सगळे अहिर समाजातले, हरियाणातल्या रेवाडी-गुडगाव पट्ट्यातल्या शेतकरी घरांतले. सपाट मैदानात वाढलेली ही मुलं. अनेकांसाठी एवढी उंची आणि एवढा बर्फ हा पहिलाच अनुभव होता.

पलटण चुशुलला पोहोचली ती ऑक्टोबरमध्ये. म्हणजे विरळ हवेची सवय व्हायला आणि मोर्चे खणायला मिळाले काही आठवडे. जमीन गोठून दगड झालेली. फावडं मारलं तर उडून परत यायचं. झाड नाही, लाकूड नाही. हाती लागतील ते दगड रचून आणि वाळूच्या पिशव्या लावून मोर्चे उभे केले गेले.

शस्त्रं काय होती? बहुतेकांकडे पॉइंट ३०३ रायफल. दुसऱ्या महायुद्धातली, प्रत्येक गोळीनंतर हातानं खटका ओढावा लागणारी. सोबत थोड्या लाइट मशिनगन आणि उखळी तोफा. समोरच्या चिनी सैन्याकडे संख्याबळ कितीतरी जास्त होतं, स्वयंचलित बंदुका होत्या आणि तोफांची साथही होती.

आपल्या तोफा का चालल्या नाहीत?

रेझांग लाची लढाई समजून घेताना सगळ्यात महत्त्वाचा तांत्रिक मुद्दा हाच आहे. चुशुलमध्ये भारतीय तोफा होत्या. मग त्यांनी चार्ली कंपनीला मदत का केली नाही?

कारण मध्ये डोंगर होता. तोफेचा गोळा सरळ रेषेत जात नाही, कमानीसारखा वर चढून खाली येतो. इथं तोफा आणि रेझांग ला यांच्यामध्ये उंच कडा उभा होता. कंपाउंडच्या भिंतीपलीकडे, भिंतीला अगदी खेटून ठेवलेल्या बादलीत लांबून चेंडू टाकून बघा. एकतर चेंडू भिंतीला लागतो, नाहीतर बादलीच्या वरून पुढे निघून जातो. तोफखान्याची नेमकी हीच अडचण झाली.

याचा अर्थ साधा होता. इतर ठाण्यांवर हल्ला झाला तर मागून तोफा धडधडणार होत्या. रेझांग लावर मात्र कंपनीला स्वतःच्या रायफली, मशिनगन आणि उखळी तोफांवरच लढायचं होतं. उखळी तोफेचा गोळा जवळजवळ उभा वर जाऊन खाली येतो, त्यामुळे तिला डोंगराची तेवढी अडचण होत नाही. पण तिची ताकद आणि पल्ला दोन्ही मर्यादित.

दुसरी अडचण अंतराची. एका कंपनीनं सांभाळायचा भाग सुमारे तीन किलोमीटर लांब आणि दोन किलोमीटर रुंद होता. त्यामुळे प्लाटून एकमेकींपासून दूर बसवाव्या लागल्या. एका प्लाटूनवर हल्ला झाला तर शेजारची तिला हवी तशी मदत करू शकत नव्हती.

मेजर शैतान सिंह यांना हे सगळं माहीत होतं. नकाशा वाचता येणाऱ्या कोणत्याही अधिकाऱ्याला ते दिसलंच असतं. आपण कुठं उभे आहोत आणि मदत का येऊ शकत नाही, याची पूर्ण कल्पना असताना ते तिथं थांबले.

१८ नोव्हेंबरच्या पहाटे काय घडलं?

तो रविवार होता. रात्री वारा आणि हिमवर्षाव यांमुळे समोरचं फार दिसत नव्हतं. उजाडण्यापूर्वीच पुढे टेहळणीला ठेवलेल्या जवानांना खालच्या घळींमध्ये हालचाल जाणवली. चिनी सैनिक अंधारात घळींमधून वर सरकत होते. मोर्च्यांना सावध केलं गेलं.

इथं कंपनीनं एक अवघड गोष्ट केली. थांबली. शत्रू दिसताक्षणी गोळ्या उडवायचा मोह प्रत्येकाला होतो. पण गोळ्या मोजक्या आणि उजेड अपुरा असताना लांबून केलेला गोळीबार वाया जातो. पहाटे पाचच्या सुमारास, पुरेसं दिसू लागल्यावर आणि शत्रू टप्प्यात आल्यावर रायफली, मशिनगन आणि उखळी तोफा एकदम सुरू झाल्या. समोरून चढणाऱ्या पहिल्या तुकड्यांची मोठी हानी झाली. घळींमध्ये प्रेतांचा खच पडला. मागून पुन्हा तुकड्या आल्या, त्याही परतवल्या गेल्या.

समोरून जमत नाही म्हटल्यावर चिनी सैन्यानं पद्धत बदलली. आधी तोफांचा भडिमार केला. रचलेल्या दगडांचे मोर्चे अशा माऱ्यापुढे टिकत नाहीत, उलट दगडांच्याच कपच्या उडून माणसं जखमी होतात. संपर्काच्या तारा तुटल्या. त्यानंतर बाजूनं आणि पाठीमागून हल्ला सुरू झाला. आता कंपनी सर्व बाजूंनी वेढली गेली होती.

गोळ्या संपत आल्या तसे काही जवान मोर्च्यातून बाहेर येऊन संगिनी घेऊन भिडले. काहींनी नुसत्या हातांनी झुंज दिली. गावाकडे कुस्तीच्या आखाड्यात वाढलेली ही मुलं होती. कंपनीसोबत वैद्यकीय कोअरचे नर्सिंग असिस्टंट धरमपाल दहिया होते. ते लढणारे शिपाई नव्हते. जखमींना पट्ट्या बांधता बांधताच ते मारले गेले.

मेजर शैतान सिंह त्या वेळी काय करत होते?

पायदळाच्या अधिकाऱ्याचं शौर्य म्हणजे हातात बंदूक घेऊन सगळ्यांत पुढे धावणं, असं चित्रपट पाहून वाटतं. कंपनी कमांडरचं खरं काम वेगळं असतं. कुठल्या प्लाटूनवर दबाव आहे, कुठली मशिनगन बंद पडली, कुठे गोळ्या कमी पडतायत, दुसऱ्या बाजूनं शत्रू येतोय का, हे कळून घेणं आणि माणसं-शस्त्रं हलवणं. लढाईच्या गोंधळात कंपनीचं डोकं चालू ठेवणं, असं थोडक्यात म्हणता येईल.

एरवी हे काम फोन आणि वायरलेसवरून होतं. पण तारा तुटल्या होत्या. कडाक्याच्या थंडीत बॅटरीही साथ देत नाही. हिमाचल-काश्मीरला फिरायला गेल्यावर ज्यांचा फोन ४० टक्के चार्ज असतानाही बंद पडलाय, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

मग उरला एकच मार्ग, स्वतः जाणं. शैतान सिंह एका प्लाटूनकडून दुसऱ्या प्लाटूनकडे फिरत राहिले. मोर्च्यात बसलेल्या जवानाला निदान छातीपर्यंत दगडांचा आडोसा असतो. दोन मोर्च्यांच्या मध्ये चालणाऱ्या माणसाला काहीच नसतं. विरळ हवेत, उघड्या उतारावर, तोफांच्या आणि मशिनगनच्या माऱ्यात त्यांनी ही पायपीट केली. जिथं फट पडली तिथं माणसं लावली, जवानांना धीर दिला, पुन्हा पुढच्या मोर्च्याकडे निघाले. त्यांच्या परमवीर चक्राच्या गौरवपत्रात याच गोष्टीची नोंद आहे, की स्वतःच्या जिवाची पर्वा न करता ते प्लाटूनांमध्ये फिरत राहिले.

ही गोष्ट जवानांच्या बाजूनं पाहा. अंतर इतकं की शेजारची प्लाटून जिवंत आहे की नाही तेही कळत नाही. अशा वेळी माणसाला वाटू लागतं की आपण एकटेच उरलो. तेव्हा कंपनी कमांडर स्वतः चालत मोर्च्यापर्यंत येतो. लढाई अजून सुरू आहे, एवढा निरोप जवानाला त्यातूनच मिळतो.

याच धावपळीत आधी त्यांच्या हाताला गोळी लागली. ते थांबले नाहीत. नंतर मशिनगनच्या गोळ्यांनी त्यांच्या पोटाला गंभीर जखम झाली. जवानांनी त्यांना उचलून मागे न्यायचा प्रयत्न केला. पण उतारावर त्यांना घेऊन चालणारे जवान शत्रूला सहज दिसत होते आणि त्यांच्यावर गोळीबार होऊ लागला. आपल्यामुळे आणखी माणसं मरतील, हे मेजरना कळलं. आपल्याला तिथंच ठेवून निघून जा, असा हुकूम त्यांनी दिला. जवानांनी त्यांना एका मोठ्या दगडाच्या आडोशाला ठेवलं. तिथंच त्यांचा मृत्यू झाला. अडतिसावा वाढदिवस तेरा दिवसांवर होता.

वाचलेल्यांवर विश्वास का बसला नाही?

कंपनीतले काही जण जखमी अवस्थेत कसेबसे खाली पोहोचले. काहींना चिनी सैन्यानं कैद केलं. परतलेल्यांमध्ये मेजरच्या शेवटच्या काळात त्यांच्या सोबत असलेले रामचंदर यादवही होते.

त्यांनी सांगितलं की सगळी कंपनी जागेवर लढली, कुणीही मोर्चा सोडला नाही, गोळ्या संपेपर्यंत लढत राहिले. पण त्या दिवसांतली हवा लक्षात घ्या. नोव्हेंबर १९६२ मध्ये ईशान्येत सेला आणि बोमडिला इथून आपल्या फौजा मागे हटल्या होत्या. देशभर पराभवाची खिन्नता होती. अशा वेळी तोफांच्या मदतीशिवाय एका कंपनीनं पाठ न दाखवता शेवटपर्यंत झुंज दिली, हे ऐकणाऱ्यांना अतिशयोक्ती वाटलं. काही जण पळून आले असावेत, बाकीचे कैद झाले असावेत, अशी कुजबुज सुरू झाली. गावाकडे परतलेल्यांनाही याचे चटके बसले.

पुरावा दाखवायचा तर डोंगरावर जावं लागणार होतं. आणि युद्धानंतरच्या थंडीत तो डोंगर बर्फाखाली होता.

याच काळातली एक तारीख मराठी वाचकाला जवळची वाटेल. २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत लता मंगेशकर यांनी ‘ऐ मेरे वतन के लोगों’ पहिल्यांदा गायलं. शब्द कवी प्रदीप यांचे, संगीत सी. रामचंद्र यांचं. या युद्धातल्या शहिदांसाठीच ते गाणं होतं. पंतप्रधान नेहरूंसह समोर बसलेल्या हजारोंचे डोळे पाणावले. त्या संध्याकाळी चार्ली कंपनीचे जवान अजून रेझांग लावरच होते. मोर्च्यांमध्ये, बर्फाखाली. त्यांचं काय झालं हे देशाला माहीतच नव्हतं.

फेब्रुवारीत नेमकं काय सापडलं?

मेंढपाळाच्या माहितीनंतर शोधपथक वर गेलं. त्यांना जे दिसलं तोच रेझांग लाचा पुरावा.

एखाद्या ठिकाणी सैनिक पळू लागले तर मृतदेह मागच्या उतारावर विखुरलेले सापडतात, पाठीला जखमा असतात, शस्त्रं टाकून दिलेली असतात. इथं उलट होतं. मृतदेह मोर्च्यांमध्येच होते. अंगावर गोळ्यांच्या, तोफगोळ्यांच्या कपच्यांच्या आणि संगिनींच्या अनेक जखमा. काहींच्या हातात रायफल घट्ट धरलेली. रिकाम्या काडतुसांचे ढीग. उखळी तोफांचे जवळपास सगळे गोळे वापरून झालेले. जवळच धरमपाल दहिया होते आणि त्यांच्या हातात अजून इंजेक्शनची सिरिंज होती.

मेजर शैतान सिंह यांचा मृतदेह त्या दगडापाशीच सापडला. म्हणजे वाचलेल्या जवानांनी जे सांगितलं होतं ते जागेसकट खरं निघालं.

तीन महिने ज्या थंडीनं त्या लढाईची बातमी अडवून धरली होती, त्याच थंडीनं पुरावाही जसाच्या तसा जपून ठेवला होता. घटनास्थळ सील करावं तसं. जवानांवर तिथंच लष्करी इतमामात अंत्यसंस्कार झाले. मेजरचं पार्थिव जोधपूरला नेण्यात आलं आणि तिथं पूर्ण सन्मानानं त्यांना निरोप दिला गेला.

या लढाईनं साधलं काय?

हा प्रश्न टाळण्यात अर्थ नाही. रेझांग ला चिनी सैन्याच्या ताब्यात गेलं. पुढच्या एक-दोन दिवसांत आजूबाजूच्या उंच ठाण्यांवरचं भारतीय सैन्यही चुशुलभोवतीच्या डोंगरांवर मागे घेण्यात आलं. नकाशावर पाहिलं तर ठाणं गेलंच.

पण चुशुल पडलं नाही. चिनी सैन्यानं रेझांग लावर मोठी किंमत मोजली आणि ते खाली चुशुलच्या दरीत उतरलं नाही. २१ नोव्हेंबरला चीननं एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. युद्धबंदीमागे अनेक कारणं होती आणि तिचं सगळं श्रेय एका लढाईला देणं योग्य नाही. तरी या रांगेवरच्या झुंजीमुळे ब्रिगेडला सावरायला वेळ मिळाला, हे नाकारता येत नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. थंडीचे पुरेसे कपडे, आधुनिक रायफली, तोफांची साथ आणि तयारीला वेळ यांतलं काहीच या कंपनीला नीट मिळालं नव्हतं. त्यांच्या शौर्याचं कौतुक करताना ही उणीव झाकली जाऊ नये. मोर्च्यात राहण्याचा निर्णय जवानांचा आणि त्यांच्या मेजरचा होता. त्यांना तशा अवस्थेत तिथं उभं करणारी व्यवस्था मात्र त्यांची नव्हती.

त्यांचं स्मरण कसं ठेवलं गेलं?

मेजर शैतान सिंह यांना मरणोत्तर परमवीर चक्र देण्यात आलं. या पदकाची रचना सावित्रीबाई खानोलकर यांची, हा त्यातला महाराष्ट्राशी असलेला धागा. कंपनीतल्या आठ जणांना वीर चक्र मिळालं. त्यात तिन्ही जमादार आणि धरमपाल दहियाही आहेत. आणखी काही जणांना सेना पदक मिळालं. एकाच लढाईत एकाच कंपनीला इतके शौर्य पुरस्कार मिळणं ही फार दुर्मीळ गोष्ट आहे.

त्यांच्या गावाला आज शैतान सिंह नगर म्हणतात. मुंबईत मुख्यालय असलेल्या भारतीय नौवहन महामंडळानं आपल्या एका तेलवाहू जहाजाला त्यांचं नाव दिलं होतं. जानेवारी २०२३ मध्ये अंदमान-निकोबारमधल्या २१ बेटांना परमवीर चक्र विजेत्यांची नावं देण्यात आली, त्यातलं एक बेट शैतान सिंह यांच्या नावाचं आहे. १९६४ च्या ‘हकीकत’ या चित्रपटालाही लडाखमधल्या याच युद्धाची पार्श्वभूमी होती.

ऑगस्ट २०२० मध्ये गलवानच्या संघर्षानंतर भारतीय सैन्यानं या डोंगररांगेवरच्या उंच जागा पुन्हा ताब्यात घेतल्या. रेझांग ला त्यांपैकीच एक. म्हणजे १९६२ मध्ये ज्या कारणासाठी हा डोंगर महत्त्वाचा होता, ते कारण ५८ वर्षांनंतरही तसंच होतं.

१८ नोव्हेंबर २०२१ रोजी चुशुलजवळ नूतनीकरण केलेल्या युद्धस्मारकाचं उद्घाटन झालं. तेव्हा १३ कुमाऊंचे जुने अधिकारी, निवृत्त ब्रिगेडियर आर. व्ही. जटार तिथं व्हीलचेअरवर आले होते. संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी ती व्हीलचेअर स्वतः ढकलत नेली. १९६२ मध्ये ज्या पलटणीच्या जवानांच्या सांगण्यावर शंका घेतली गेली, त्याच पलटणीच्या माणसाला देशानं असा मान दिला.

रेझांग लाची गोष्ट सांगताना मेजरचं नाव आधी येतं. कंपनीचा प्रमुख म्हणून ते साहजिकही आहे. पण बर्फाखाली जी साक्ष सापडली ती एकट्या माणसाची नव्हती. ती प्रत्येक मोर्च्यात वेगवेगळी होती आणि सगळीकडे सारखीच होती. स्मारकाच्या भिंतीवर म्हणूनच फक्त शैतान सिंह नाहीत. त्यांच्यासोबत त्या पहाटे जे जागेवरून हलले नाहीत त्यांचीही नावं आहेत. लडाखला जाणारे आता चुशुलपर्यंतही जातात. गेलात तर तिथल्या फोटोआधी ती नावं वाचा, वरपासून खालपर्यंत. त्यातल्या प्रत्येकाची खबर घरी पोहोचायला तीन महिने लागले होते.